एका आयुष्याची दोन पुस्तकं

वाचकाचं पत्र : मी 46 वर्षांचा आहे. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो. शिक्षण बारावी. काही वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेतून आलेलं 'एक होता कार्व्हर' हाती लागलं आणि वाचनाचं वेड लागलं. मग उद्योगपती, खेळाडू, सनदी अधिकारी अशा मोठ्या माणसांची मिळतील ती चरित्रं वाचली. आता मात्र सगळी एकसारखी वाटतात. आधी गरिबी, मग जिद्द, शेवटी यश. वाचनालयाचा सभासद झालोय, एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. पण कपाटासमोर उभा राहिलो की गोंधळतो आणि पुन्हा ओळखीच्याच लेखकाचं घेऊन येतो. मित्राने 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत' अशी शंभर पुस्तकांची यादी पाठवली, ती बघून छातीच दडपली. वेगवेगळं वाचायचंय, पण सुरुवात कुठून करू? जुनं, जड मराठी मला झेपेल का? पुस्तक अर्धवट सोडलं तर फार अपराधी वाटतं. बायको म्हणते, 'एवढी थोर माणसं वाचून घरात काय फरक पडला?' त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

उत्तर : नमस्कार.

सगळी चरित्रं सारखी वाटायला लागली, ही तुमची तक्रार वाचून मला आनंद झाला. जो लक्ष देऊन वाचतो त्यालाच हा कंटाळा येतो. तुम्ही जी पुस्तकं वाचलीत, त्यातल्या बहुतेकांचा शेवट लेखकाला आधीपासून माहीत होता. हा माणूस मोठा झाला, मग लहानपणी त्याने जे जे केलं ते सगळं त्या मोठेपणाची तयारी म्हणून सांगायचं. शाळेत मार खाल्ला तर जिद्द आली, नापास झाला तर धडा मिळाला. प्रत्यक्षात जगताना कुणालाच पुढचं पान दिसत नसतं. ते न दिसणं ज्या पुस्तकातून गळून जातं, त्या पुस्तकातला माणूसही हळूहळू गळून जातो आणि मागे उरतो तो सत्काराच्या भाषणातला पाहुणा.

दुसरी गोष्ट अशी की ही बहुतेक आयुष्यं तुम्ही एकाच तोंडून ऐकलीत. एक तर त्या माणसाच्या स्वतःच्या, नाहीतर त्याच्यावर भक्ती असणाऱ्याच्या. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलंच नाही.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्यातूनच निघेल. वाचनालय तुम्हाला एका वेळी दोन पुस्तकं देतं ना? ती जोडीने आणा. एक पुस्तक एका माणसाचं, दुसरं त्याच काळात, शक्य असेल तर त्याच घरात, त्याच्या शेजारी राहिलेल्या माणसाचं. शंभर पुस्तकांची यादी तूर्त बाजूला ठेवा. यादीतून आलेली विविधता वरवरची असते. आज जपान, उद्या रशिया, परवा विज्ञान, आणि कशाचाच कशाशी संबंध नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहिलात तर विविधता आपोआप येते, आणि ती लक्षातही राहते.

पहिली जोडी कर्व्यांच्या घरातली घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' 1915 सालचं आहे. त्यात कोकणातल्या मुरूडचा एक मुलगा परीक्षा द्यायला डोंगर-घाट ओलांडून पायी साताऱ्याला जातो, आणि तिथे पोचल्यावर 'तू वयाने लहान दिसतोस' म्हणून त्याला परीक्षेला बसूच देत नाहीत. अण्णासाहेब, म्हणजे कर्वे, हा प्रसंग काहीही न चढवता सांगतात. पुढे पहिली पत्नी वारल्यावर 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, एका बालविधवेशी, लग्न केलं. मुरूडच्या लोकांनी बहिष्काराचा ठराव केला. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी संस्था काढली, ती पुढे हिंगण्याला गेली, तिथून रोज पायपीट करून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला येत. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. तुमच्या 'गरिबी, जिद्द, यश'च्या साच्यात हे आयुष्य अगदी बसतं, नाही का?

आता त्याच गोदूबाईंचं, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्व्यांचं, 'माझे पुराण' उघडा. घर तेच, वर्षं तीच. पण इथे प्रश्न वेगळे आहेत. नवऱ्याने सगळं संस्थेला वाहिलंय, मग चूल कशी पेटायची? मुलांचं काय? ज्या आश्रमातल्या विधवांसाठी नवरा झिजतोय, त्याच आश्रमात एका पुनर्विवाहित बाईला, म्हणजे त्याच्याच बायकोला, मोकळेपणाने वावरता येत नाही, कारण संस्थेवर लोकांचा रोष नको. हे सगळं बाया रडगाणं न करता, ठसक्यात सांगतात. त्यांना नवऱ्याबद्दल आदर आहे आणि त्या त्याच्यावर चिडतातही. दोन्ही एकाच पानावर.

दुसरं पुस्तक वाचून अण्णासाहेब लहान होत नाहीत. ते खरे होतात. त्यांच्या कामाची किंमत कुणी कुणी मोजली ते कळतं. आणि बाया कर्वे, ज्यांचं नाव आपण 'महर्षींच्या पत्नी' एवढ्यावर संपवतो, त्या तुमच्यासमोर स्वतंत्र उभ्या राहतात. हे घर तिथेच थांबत नाही. थोरले चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे र. धों. कर्वे, यांनी संततिनियमनाचा प्रचार केला आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यासाठी खटले अंगावर घेतले, नोकरी गमावली. सून इरावती कर्वे समाजशास्त्रज्ञ, मराठी ललित गद्यातलं मोठं नाव. त्यांनीही सासऱ्यांवर लिहिलंय, आणि त्यात भक्तिभावापेक्षा निरखून पाहणं जास्त आहे. एवढ्या एका घरात तुम्हाला समाजसुधारणा, लैंगिक आरोग्य, मानववंशशास्त्र आणि संसार हे चारही विषय भेटतील. यादीतून एवढं मिळालं नसतं.

आयुष्य असं अनेकांना विचारून लिहिणं ही काही नवी टूम नाही. मराठी गद्याची सुरुवातच तशी झाली आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचं चरित्र. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे गेले, आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. एकाच प्रसंगाची आठवण दोघांनी वेगळी सांगितली असेल तर तीही नोंदवून ठेवली गेली. सातशे वर्षांपूर्वी! हे मला मराठीचं फार मोठं भाग्य वाटतं. ती भाषा आज सरळ वाचता येणं कठीण, पण निवडक लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले प्रसंग, टिपांसह छापलेल्या मिळतात. चार-पाच लीळा तरी कधीतरी वाचा. त्यातली वाक्यं इतकी छोटी आणि जिवंत आहेत की आत्ता कुणी ओसरीवर बसून बोलतंय असं वाटतं.

आता जोड्या शोधायच्या कशा? पुस्तक वाचताना जवळ एक कागद ठेवा आणि त्यात येणाऱ्या दुसऱ्या माणसांची नावं टिपत चला. नायकाचं नाव नको, बाजूच्यांची नावं. दोन-तीन पुस्तकांनंतर काही नावं परत परत यायला लागतात. तीच तुमची पुढची वाट.

बाया कर्व्यांच्या पुस्तकातलं असं एक नाव म्हणजे पंडिता रमाबाई. 1889 साली मुंबईत रमाबाईंनी 'शारदा सदन' काढलं आणि तिथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे आपल्या गोदूबाई. हे नाव कागदावर लिहा. मग रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 सालचं पुस्तक घ्या. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे या रमाबाई. नवरा तिला शिकवायला लागतो, आणि घरातल्या बायका तिने इंग्रजी शिकू नये म्हणून तिचा छळ मांडतात. ती दोन्हीकडचं सांभाळते. या पुस्तकात 1882 चं पुणं येतं, आणि त्या पुण्यात पंडिता रमाबाई व्याख्यानं द्यायला येतात. झालं, नाव दुसऱ्यांदा भेटलं.

तिसऱ्यांदा ते भेटतं फिलाडेल्फियात. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला हजर राहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई गेल्या, वयाची बाविशीही पूर्ण झाली नव्हती.

तोपर्यंत तुम्हाला विचारावंसं वाटेलच, ही बाई आहे तरी कोण? सगळ्यांच्या घरात ही कशी? मग पंडिता रमाबाईंकडे जा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. घरदार नाही, पुराणं सांगत गावोगाव तीर्थयात्रा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर देश पायाखाली घालत ती कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीची विद्वत्ता पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. बंगाली वकिलाशी लग्न, दोन वर्षांत वैधव्य, कडेवर मुलगी. मग पुणे, इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका, शारदा सदन, आणि शेवटी केडगावचं मुक्ती मिशन. अमेरिका पाहून आल्यावर त्यांनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक 1889 साली लिहिलं. एकोणिसाव्या शतकातली एक मराठी विधवा एकटी अमेरिका हिंडते आणि तिथल्या शाळा, तिथलं राज्य, तिथल्या बायकांच्या चळवळी यांचा हिशेब मांडते, हे वाचताना अंगावर रोमांच येतात. त्यांचं आयुष्य कुठल्याही साच्यात बसत नाही. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं त्यांच्यातलेच अनेक जण पुढे त्यांच्यापासून दूर झाले. शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला तेव्हा रानड्यांसारख्या मंडळींनी सल्लागार मंडळ सोडलं. कोण बरोबर होतं? दोन्हीकडचं वाचून तुम्हीच ठरवा. माझं मत सांगायचं तर, मला त्या वादात दोन्ही बाजूंचं दुखणं खरं वाटतं.

धर्मांतराचा विषय निघालाच आहे तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे तुमच्या 'जड मराठी झेपेल का' या भीतीवर सरळ औषध म्हणून सांगते. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी बोलतात तसं लिहिलं. सोवळ्याओवळ्याने झपाटलेल्या वडिलांच्या घरात वाढलेली मुलगी, अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी, लहरी, आज इथे तर उद्या तिथे. 1895 साली तो ख्रिस्ती झाला आणि दोघांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे गेल्या, आधी स्वतःचा धर्म सांभाळून वेगळी चूल मांडली, आणि मग आपल्या विचाराने, आपल्या वेळेला त्याही ख्रिस्ती झाल्या. एवढी मोठी उलथापालथ, आणि पुस्तक वाचताना तुम्ही पानोपानी हसाल. जातीचा शिवाशिवीचा पीळ त्यांच्या मनातून कसा सुटला ते त्यांनी ज्या साधेपणाने सांगितलंय, तसं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. हे पुस्तक 1934 पासून भागाभागाने आलं. शेवटचा भाग अपुरा ठेवून त्या 1936 साली गेल्या. बारावी झालेल्याला काय, ज्याला मराठी ऐकून समजतं त्या कुणालाही ते समजतं. अडलंच तर मोठ्याने वाचा. जुनं मराठी पुष्कळदा डोळ्यांना अडतं पण कानाला अडत नाही.

आता तुमचा मुख्य त्रास. गरिबी, जिद्द, यश. हा साचा ज्यांनी मुळापासून मोडला ती पुस्तकं मराठीत भरपूर आहेत आणि तुम्ही अजून त्या कपाटाकडे गेलेला दिसत नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली ग्रंथालीने काढलं. त्यात शिकला-सवरलेला, नोकरी करणारा दया पवार आणि त्याच्याच आतला गावकुसाबाहेरचा दगडू समोरासमोर बसतात. दगडू बोलतो आणि पवार ऐकतो. मुंबईतला कावाखाना, गावाकडचा महारवाडा, आई, बायका, स्वतःची लाज, स्वतःचे अपराध, काहीच झाकलेलं नाही. शेवटी यश नावाची जागा येतच नाही. गरिबीतून वर आलेला माणूस वर येऊन सुखी झाला का, हा प्रश्न तो उघडा ठेवतो. तुम्ही वाचलेल्या एकाही चरित्राने हे विचारलं होतं का?

याची जोडी लावा बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकाशी. फलटणच्या बेबीताई दुकान चालवत. दुकानात बसून त्यांनी हे लिहिलं आणि वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे. त्या स्वतःबद्दल फार थोडं बोलतात, सगळ्या वस्तीबद्दल बोलतात. तिथलं सासुरवास भोगणारं पोरवय, जत्रा, भूक, अंगात येणं, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेल्या बाया. दगडूच्या गोष्टीत ज्या बायका कडेला दिसतात, त्या इथे मधोमध आहेत. नंतर हवं तर ऊर्मिला पवारांचं 'आयदान' घ्या. कोकणातली ही बाई आईच्या बांबूच्या टोपल्या विणण्यापासून सुरू करते आणि मुंबईत स्त्री चळवळीपर्यंत येते. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ही भटक्या-विमुक्तांमधून आलेली पुस्तकं. दोन्हींना साहित्य अकादमी मिळालंय, पण ते महत्त्वाचं नाही. ज्यांच्यावर 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांच्यातला एक मुलगा शाळेत जातो तेव्हा घरात काय होतं, हे तुम्हाला 'उचल्या'खेरीज कोण सांगणार?

ही पुस्तकं एका दमात घेऊ नका, एवढं मात्र सांगते. एक जोडी झाली की मध्ये काहीतरी वेगळं वाचा. मनालाही श्वास घ्यायला जागा लागते.

कादंबरीबद्दल थोडं. तुम्ही आनंदीबाई जोशींकडे वळलात तर श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी हमखास हाती येईल. जरूर वाचा, गोपाळराव या विक्षिप्त, हट्टी, प्रेमळ आणि क्रूर माणसाचं असं चित्र मराठीत कमी आहे. पण ती कादंबरी आहे. खोलीचं दार लावून नवरा-बायको जे बोलतात ते कादंबरीकाराने रचलेलं असतं. म्हणून तिची जोडी लावायची ती काशीबाई कानिटकरांनी 1889 साली लिहिलेल्या चरित्राशी, किंवा अंजली कीर्तने यांच्या शतकभरानंतरच्या संशोधनाशी. काशीबाई आनंदीबाईंच्या काळातल्या, स्वतः लपूनछपून शिकलेल्या. कीर्तने कागदपत्रांचा माग काढत अमेरिकेपर्यंत पोचणाऱ्या. तीन पुस्तकांत तीन आनंदीबाई आहेत. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर आपल्याकडे लोकांचं इतकं प्रेम आहे की त्यातले संवाद इतिहास म्हणून भाषणांत ऐकवले जातात. एवढं एक भान ठेवलं की कादंबरीचा आनंद जराही कमी होत नाही.

कधी कधी जोडीचं पुस्तक मिळतच नाही. धर्मानंद कोसंबी यांचं 'निवेदन' वाचाल तेव्हा हे जाणवेल. गोव्यातल्या सांखवाळचा, नारळीच्या बागा सांभाळणारा, शाळेत फारसा न गेलेला तरुण. बुद्धाविषयी थोडं वाचायला मिळतं आणि त्याला दुसरं काही सुचेनासं होतं. 1899 साली तेविसाव्या वर्षी तो घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, मग काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, नेपाळ, श्रीलंकेत पाली, ब्रह्मदेश. पुढे हाच माणूस हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाला जातो, आणि सयाजीराव महाराजांच्या महिना 50 रुपयांवर महाराष्ट्रात राहून बौद्ध धर्माचा अभ्यास इथल्या लोकांसाठी मराठीत आणतो. मी वाचलेल्या आत्मचरित्रांत ज्ञानाची इतकी निखळ भूक दुसरीकडे दिसली नाही. पण घर सोडताना मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि नुकतीच जन्मलेली मुलगी होती. बाळाबाईंचं आत्मचरित्र नाही. तिथे थांबा आणि ती रिकामी जागा बघा. कोसंबींनी स्वतः त्या ओढाताणीबद्दल जे लिहिलंय ते पुन्हा वाचा. जोडीने वाचायची सवय लागली की नसलेली पुस्तकंसुद्धा दिसायला लागतात.

प्रवासाची आवड असेल तर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' सोडू नका. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक. कर्ज फेडायचं म्हणून दान-दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेला निघाला आणि 1857 च्या बंडाच्या बरोबर मध्ये सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत शहरात होता. मिळवलेलं सगळं लुटलं गेलं, पण आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन तो परतलाच. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे लिहून काढलं, छापून आलं ते त्याच्यामागे, 1907 साली. इतिहासाच्या पुस्तकातली राणी लक्ष्मीबाई आणि या भटजींनी पाहिलेली राणी, ही जोडी तुमच्या मुलीलाही वाचायला द्या.

नाटक-सिनेमावाल्यांत हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' घ्या, छोटं आहे आणि निर्भय आहे. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' त्यावरूनच निघाला. शास्त्रज्ञांत जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व'. आणि 'एक होता कार्व्हर' लिहिणाऱ्या वीणा गवाणकरांवर तुमचं प्रेम आहेच, तर त्यांनीच लिहिलेली आयडा स्कडर, लीझ माइट्नर, रोझलिंड फ्रँकलिन यांची चरित्रं ओळीने वाचा. कार्व्हर आवडलेल्याला माइट्नर चटका लावेल. अणुविखंडनाचा उलगडा करणारी ही बाई, नोबेल मिळालं ते तिच्या सहकाऱ्याला.

अर्धवट सोडण्याबद्दल. खुशाल सोडा. साठ-सत्तर पानं मनापासून वाचून पुस्तक आत घेत नसेल तर परत करा आणि मनात राग धरू नका. फक्त सोडण्याआधी एक बघा : कंटाळा आलाय की त्रास होतोय? कंटाळ्याने सोडलेलं पुस्तक विसरा. त्रासाने मिटलेलं पुस्तक मात्र नाव लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत मागा. 'बलुतं' पहिल्यांदा मिटून ठेवलेले आणि पुढे आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलणारे वाचक मला माहीत आहेत.

वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्यावर रागावू नका. घरात काय फरक पडला हे थोर माणसाला विचारायचं नसतंच, त्याच्या घरच्यांना विचारायचं असतं, आणि वहिनी नेमकं तेच विचारताहेत. जोडीतलं दुसरं पुस्तक त्यांना द्या. वाचायला वेळ नसेल तर रात्री दहा-पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा. अण्णासाहेबांचं तुमच्याकडे, बायांचं त्यांच्याकडे. साधनाताई आमटे यांचं 'समिधा' आणि प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' हीदेखील अशीच दोघांत वाटून घेण्याजोगी जोडी आहे. आणि त्यावर वाद झाला तर होऊ द्या. बायांनी जे सोसलं ते बरोबर होतं की नाही यावर तुमचं-वहिनींचं एकमत होईल असं मला वाटत नाही, पण स्वयंपाकघरात तो विषय निघाला म्हणजे फरक पडायला सुरुवात झालीच.

वाचनालयातली एक व्यावहारिक गोष्ट. चरित्र-आत्मचरित्रांचं कपाट वेगळं असतं, ज्या ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची ड्यूई पद्धत पाळतात तिथे त्याचा क्रमांक 920 च्या आसपास. पण पुष्कळ आत्मकथनं मराठी साहित्यात, म्हणजे 891.46 मध्ये लावलेली असतात, आणि प्रवासाची प्रवासवर्णनांत. म्हणून 'बलुतं' चरित्राच्या कपाटात दिसलं नाही तर नाही असं समजू नका. तालिकेत लेखकाच्या नावाने शोधा, किंवा सरळ ग्रंथपालांना सांगा की मला या माणसाच्या आजूबाजूच्या लोकांनी लिहिलेलं हवंय. अशी मागणी त्यांच्याकडे रोज येत नाही, ते आवडीने शोधून देतील. 'माझे पुराण', काशीबाईंचं चरित्र यांसारखी जुनी पुस्तकं कपाटात नसतील तर राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर दुर्मिळ मराठी ग्रंथ स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत, तिथेही बघा. मुलीला सांगा, ती फोनवर पाच मिनिटांत काढून देईल. अक्षर बारीक वाटलं तर प्रकरण-प्रकरण छापून घ्या. येत्या रविवारी 'आत्मवृत्त' आणि 'माझे पुराण' मागा, दोन्ही एकदम मिळाली नाहीत तर बायांचं आधी घ्या, अण्णासाहेब थांबतील.